तोचिदानीत राहिलेले पाय

मुलांनो, आज मनातल्या मनात एक कसरत करू या. भिंतीकडे तोंड करा. दोन्ही तळवे जमिनीवर टेका आणि पाय झोकून वर भिंतीला लावा. डोकं खाली, पाय वर. जमलं? आता तसेच राहा. रक्त तोंडाकडे धावतंय, कान गरम झालेत, नाकात काहीतरी हुळहुळतंय. आई जेवायला हाक मारते, तरी उतरायचं नाही. मित्र खेळून घरी गेले, तरी नाही. पाऊस आला, बर्फ पडला, शेजारचं झाड म्हातारं होऊन कोसळलं, तरी नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे समोरून येणारा-जाणारा प्रत्येक माणूस थांबून म्हणतोय, "किती गुणी बाळ! स्वतःच्या मर्जीने उभं आहे हं!"

राग आला ना? येऊ द्या. आजच्या गोष्टीला तो लागणार आहे.

आमच्या कुमोईचा किल्ला बघायला येणारे लोक वरची पांढरी माडी नंतर बघतात. आधी ते खंदकावरच्या पुलाशी डावीकडे वळतात आणि तटाच्या कोपऱ्यात वाकून दोन दगडांमधल्या फटीत डोकावतात. तिथे एक चेहरा आहे. हनुवटी वर, टक्कल खाली. तो जिझो, लहान मुलांचा राखणदार दगडी देव. एरवी जिझो रस्त्याकडेला नाहीतर घाटाच्या तोंडाशी, गळ्यात लाल लाळेरं बांधून मजेत उभा असतो. या एकाच्याच वाट्याला तटात डोक्यावर उभं राहणं आलं.

ते कसं, हे कुमोईत कुणालाही विचारा. किल्ला बांधत होते तेव्हा हा कोपरा काही केल्या टिकत नव्हता. दिवसभर रचावा आणि दुसऱ्या दिवशी ढासळावा. सरदार हैराण, माणसं दमलेली. तेव्हा डोंगरातल्या एका जिझोला दया आली. एका पहाटे तो आपण होऊन घाट उतरून आला, कोपऱ्यात डोकं टेकून उलटा उभा राहिला आणि त्याने आपल्या तळपायांवर सगळा तट तोलून धरला. कोपरा पुन्हा हलला नाही. तिथल्या पाटीवर हेच लिहिलंय, आणि त्यात 'स्वेच्छेने' हा शब्द मोठ्या अक्षरांत आहे. पुलाजवळ कुवाबारांच्या दुकानात मांजू मिळतात, लाल पुरण भरून वाफवलेले, वर जिझोचा चेहरा डागलेला. खोक्यात ते मुद्दाम उलटे ठेवलेले असतात. लोक हसतात आणि दोन खोकी जास्त घेतात.

हा जिझो मूळचा तोचिदानीचा. तोचिदानी म्हणजे डोंगराच्या कुशीतली मोजकी घरं, ओढ्याकाठची भातखाचरं आणि घाटाच्या तोंडाशी एक जुनं तोचीचं झाड. त्या झाडाखाली दगडी चौथरा आहे आणि चौथऱ्यावर फक्त दोन पावलं. घोट्यापर्यंत. त्याच्या वर काही नाही.

"जिझो गेला, पण पाय इथे ठेवून गेला. परतीची वाट विसरू नये म्हणून," असं तोचिदानीत सांगायचे, आणि मान ताठ करून सांगायचे. आमचा जिझो किल्ल्याच्या उपयोगी पडला, ही काय साधी गोष्ट आहे?

ऑगस्ट सरत आला की जिझोचा दिवस येतो. तो मुलांचा सण. प्रत्येक मुलाच्या नावाचा कागदी कंदील झाडाला टांगतात. पावलं धुतात. लाळेरं बांधायला गळा नाही, म्हणून लाल कापड घोट्यांभोवती गुंडाळतात. घोट्यांच्या वरच्या कडेला ओळीने बोटभर खाचा आहेत, त्यांत उदबत्त्या आडव्या ठेवतात. मग मुलं चौथऱ्याभोवती गोल बसतात आणि लाकडी मण्यांची एक भलीमोठी माळ सगळ्यांच्या हातांतून फिरू लागते. जे मूल सगळ्यात मोठं, ते घंटा वाजवतं. बाकीची जिझोचं नाव घेत माळ पुढे सरकवतात. मोठा मणी आपल्यापाशी आला की कपाळाला लावायचा.

याचा एक नियम आहे. माळ फिरत असताना गोलातून कुणी उठायचं नाही, बाहेरच्या कुणी आत पाऊल टाकायचं नाही. थांबायचं कधी, ते घंटेवालं मूल ठरवतं. एका वर्षी जोराचा पाऊस आला. देवळातले भिक्षू भिजून चिंब झाले, त्यांच्या डोक्यावरून पाणी निथळत होतं, पण घंटा ज्याच्या हातात होती तो मुलगा रंगात आला होता. भिक्षू तसेच हात जोडून उभे राहिले. नियम म्हणजे नियम.

ज्या वर्षीची ही गोष्ट आहे, त्या वर्षी घंटा कायोकडे आली होती. कायो पाचवीतली. केस आखूड, गुडघे सदा खरचटलेले, आणि एखादी गोष्ट पटली नाही की कपाळावर आठी. तिच्या बाबांची आत्या, फुमिए, पावलांची देखभाल करायची. सगळं तोचिदानी तिला आत्याच म्हणायचं. रोज सकाळी आत्या ओढ्यावरून पाणी आणून ती पावलं पुसायची, आपल्याच नातवाचे पाय पुसावेत तशी.

त्याच्या आधीच्या हिवाळ्यात धरणीकंप झाला आणि तटाच्या त्या कोपऱ्याला पोट आलं. कोपरा उतरवून पुन्हा रचायचं ठरलं. आमच्याकडे हे काम कसं चालतं ते ऐका. प्रत्येक दगडावर आकडा घालतात, चारी बाजूंनी फोटो काढतात, मग एकेक दगड उतरवून मैदानात ओळीने मांडतात. आणि परत रचताना तोच दगड, त्याच जागी, त्याच बाजूने. इंचभर इकडे नाही की तिकडे नाही. कोपरा उतरवून झाला तेव्हा नगरपालिकेने लोकांना दगड बघायला बोलावलं.

कायो आणि आत्या सकाळच्या बसने गेल्या. आत्या चांगला किमोनो नेसली होती आणि तिने कमरपट्ट्यात नवं लाल लाळेरं खोचून घेतलं होतं. मैदानावर ऊन मी म्हणत होतं. दगडांच्या ओळींच्या शेवटी, ताडपत्रीच्या सावलीत, फळ्यांवर जिझो उताणा निजला होता. पाचेक वर्षांच्या मुलाएवढा. एवढ्या वर्षांत त्याचं पोट, हात, अंगरख्याच्या चुण्या कुणी पाहिल्याच नव्हत्या.

आत्या गुडघ्यांवर बसली. "बाई गं," एवढंच म्हणाली आणि तिने डोळ्यांना पदर लावावा तशी बाही लावली.

कायो मात्र दुसऱ्या टोकाला गेली. घोट्यांपाशी दगड सपाट तुटलेला होता आणि तुटल्या कडेला ओळीने बोटभर खाचा होत्या. शेजारच्या मोठ्या दगडावरही तशाच खाचा होत्या, फक्त मोठ्या.

तिथे पालिकेचे ओगिनो साहेब माहिती सांगत उभे होते. तटाचं सगळं काम त्यांच्याच देखरेखीखाली चाललेलं. माणूस सज्जन, गळ्यात टॉवेल, घामाने चष्मा घसरलेला.

"साहेब, या खाचा कसल्या?" कायोने विचारलं.

"शाब्बास! बरोबर बघितलंस. दगड फोडायचा असला की छिन्नीने अशी ओळीने भोकं पाडतात. त्यांत पाचरी ठोकतात. घणाचे घाव बसले की दगड त्या ओळीवर दुभंगतो. अर्धं भोक या तुकड्याला, अर्धं त्या."

"मग जिझोच्या पायालाही पाचरी ठोकल्या?"

ओगिनो साहेबांनी चष्मा वर सरकवला. "तसं... दिसतंय खरं."

"कुणी ठोकल्या?"

"बाळ, खूप जुनी गोष्ट आहे. ते काही लिहून ठेवलेलं नाही."

"पण पाटीवर लिहिलंय की तो चालत आला. साहेब, पाय मोडून घेऊन कोण चालत जातं?"

भोवतीचे लोक हसले. मांजूवाले कुवाबार, पोट सुटलेला गमत्या माणूस, हातपंखा हलवत म्हणाले, "अगं, देव आहे तो! देवाला काय, गुडघ्यांवर आला असेल!"

लोक आणखी हसले. कायो नाही हसली.

"आणि तट कशावर तोलला म्हणता तुम्ही? तळपायांवर ना? तळपाय तर आमच्याकडे आहेत!"

आता हसू जरा अडखळलं. कुणीतरी पाटीकडे बघितलं, कुणी जिझोच्या घोट्यांकडे. कुमोईतली माणसं कधी तोचिदानीपर्यंत चढून गेली नव्हती आणि तोचिदानीतल्या माणसांनी पाटी नीट वाचली नव्हती. दोन्हीकडे आपापली गोष्ट सुखाने नांदत होती.

"याला कुठे ठेवणार आता?" कायोने विचारलं.

"जिथे होता तिथे. त्याच्यावर आकडा घातलेला आहे."

"उलटा?"

"होता तसाच. नियमच आहे तो."

परतीच्या बसमध्ये आत्या खिडकीकडे तोंड करून बसली होती. मग ती म्हणाली, "चारचौघांत असं बोलतात का गं? देवाबद्दल?"

"मी देवाबद्दल कुठे बोलले? मी त्याला तोडणाऱ्यांबद्दल बोलले."

"तो आपणहून गेला, कायो. माझ्या आजीने मला सांगितलंय. तिला तिच्या आजीने."

"तुझ्या आजीच्या आजीने बघितलं होतं का?"

"जीभ फार चालते तुझी."

"आत्या, तू उद्या पावलं पुसशील ना, तेव्हा उदबत्तीच्या खाचा बघ. फक्त बघ. मग मला रागाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी कायो तोचीच्या झाडापाशी गेली तेव्हा आत्या आधीच तिथे होती. पाण्याची बादली तशीच भरलेली. आत्याचं बोट एका खाचेत होतं. तिने ते काढलं, दुसऱ्या खाचेत घातलं, मग तिसऱ्या. राख तिच्या बोटाला चिकटली होती.

"अर्धीच आहेत गं," ती म्हणाली. "सगळी अर्धीच. मी लहान होते तेव्हा आई म्हणायची, बघ जिझो किती शहाणा, जाताना आपल्यासाठी उदबत्तीची सोय करून गेला." तिने बादली उचलली आणि पुन्हा खाली ठेवली. "घाव आहेत हे. जन्मभर मी त्याच्या घावांत उदबत्त्या लावत आले."

कायोला वाटलं, आत्या आता रडेल. आत्या रडली नाही. तिने बाह्या वर केल्या.

"चोरांनो!" ती घाटाखालच्या किल्ल्याच्या दिशेने ओरडली. झाडावर किर्र करणाऱ्या सिकाडा क्षणभर गप्प झाल्या. "चोर ते चोर, आणि वर आमच्याकडूनच कौतुक करून घेतलं!"

त्या आठवड्यात पालिकेच्या सभागृहात बैठक झाली. तोचिदानीची झाडून सगळी माणसं आली होती. दाराशी चपलांची गर्दी, आत गार सातूच्या चहाचे पेले. पुढे ओगिनो साहेब आणि किल्ल्याच्या कमिटीची मंडळी.

कुवाबारांनी सुरुवात केली. "हे बघा, भावना मी समजतो. पण लोक कुमोईला कशासाठी येतात? उलट्या जिझोसाठी. सुलटे जिझो तर प्रत्येक वळणावर आहेत. आणि शेवटी दगड आहे हो तो. दगडाला काय कळतं, डोकं खाली की वर?"

"असं?" आत्या म्हणाली. "मग रोज सकाळी दुकान उघडताना त्या दगडासमोर हात जोडून मान कशाला वाकवता?"

मागे कुणीतरी चहा पिताना ठसकलं.

ओगिनो साहेब उठले. "आत्या, मी खोटं बोलणार नाही. त्याला तोडून नेलं, असंच दिसतं. त्या काळी वरून हुकूम यायचा, दगड कमी पडतोय, आणा. मग लोक हाताला लागेल ते आणायचे. जातं, उंबरा, थडग्याचा दगड. पण आम्ही आज एक दगड बदलला, तर उद्या दुसरा बदलावा लागेल. मग तो तट खरा राहणार नाही. चोरीही इतिहासच आहे. ती पुसून कशी टाकायची?"

बोलणं खोटं नव्हतं. तोचिदानीतले म्हातारे एकमेकांकडे बघू लागले.

कायो उभी राहिली. "पुसून तर तुम्ही टाकलीये," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि कापतोय याचाही तिला राग येत होता. "पाटीवर 'स्वेच्छेने' लिहिलंय. इतिहास ठेवायचा तर चोरी असं लिहा ना! चोरी लिहायची नाही, चोरलेलं द्यायचंही नाही, आणि वर त्याचे मांजू खायचे!"

"बस, बस, पोरी," कमिटीतले एक गृहस्थ म्हणाले. "मोठी माणसं बघतील."

"मोठी माणसंच बघताहेत इतकी वर्षं. वाकून वाकून."

ओगिनो साहेबांना हसू आलं आणि त्यांनी ते टॉवेलात लपवलं. कमिटी आतल्या खोलीत गेली, बराच वेळ कुजबुजली आणि निर्णय घेऊन बाहेर आली. जिझो तटातच जाईल, होता तसा. पाटीबद्दल विचार करू. मात्र पावलं आणि जिझो जुळतात का, हे तपासायला हवं, म्हणून जिझोच्या दिवशी एका दिवसापुरतं त्याला तोचिदानीला नेऊ. संध्याकाळी परत. दुसऱ्या दिवसापासून कोपरा रचायला घ्यायचा आहे.

"एक दिवस," आत्या पुटपुटली. "आपलंच पोर, आणि एक दिवस उसनं."

जिझोच्या दिवशी सकाळी छोटा टेम्पो घाट चढून आला. पाथरवटांनी चौथऱ्यावर तीन खांबांची तिवई उभारली, गादीत गुंडाळलेला जिझो साखळीने वर उचलला आणि ओगिनो साहेब स्वतः खाली वाकून म्हणाले, "सावकाश... आणखी थोडं... सोडा."

दगड दगडावर टेकला. आवाज झाला तो फार लहान होता, दार नीट लागल्यावर होतो तसा.

साहेबांनी घोट्याभोवती हात फिरवला. खालचं अर्धं भोक आणि वरचं अर्धं भोक मिळून पुरतं भोक झालं होतं. शेजारचंही. त्याच्या शेजारचंही. एकही फट नाही. साहेब तसेच बसून राहिले. फोटो काढायचे आहेत, हे त्यांना पाथरवटाने आठवण करून दिल्यावर आठवलं.

जिझो उभा होता. त्याचं तोंड घाटाकडे होतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे, जसं असायला हवं तसं. आत्याने त्याच्या गळ्यात लाळेरं बांधलं. गाठ तिला दोनदा सोडून पुन्हा बांधावी लागली, कारण तिने जन्मात कधी त्याचा गळा पाहिला नव्हता. कंदील लागले, कलिंगडं कापली गेली, मुलांना खाऊच्या पुड्या मिळाल्या. कुवाबारही आले होते, मांजूचं खोकं घेऊन. ते त्यांनी चौथऱ्यासमोर ठेवलं, झाकण उघडलं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून एकेक मांजू सुलटा केला.

कायो ओगिनो साहेबांकडे गेली. "जुळले ना?"

"जुळले. तंतोतंत."

"तरी न्यायचा?"

साहेबांनी घड्याळाकडे बघितलं. "पाचला निघायचंय," ते म्हणाले. "माझ्या हातात नाही गं, कायो."

"तोडणारेही तेव्हा असंच म्हणाले असतील," कायो म्हणाली आणि वळली.

माळ बाहेर काढली गेली. मुलं गोल बसली, आणि या वेळी गोलाच्या मधोमध नुसती पावलं नव्हती. मुलं थोडी होती आणि माळ मोठी, म्हणून तिघी-चौघी आयाही बसल्या. आत्याने घंटा आणि दांडकं कायोच्या हातात दिलं. घंटा वाजली, माळ सरकू लागली. मणी हातांतून खळखळत पुढे जात होते. जिझोचं नाव उठत होतं, पडत होतं, पुन्हा उठत होतं. मोठा मणी एकेकाच्या कपाळाला लागून पुढे निघाला.

पाच वाजले. टेम्पो मागे मागे येत चौथऱ्यापाशी उभा राहिला. पाथरवट साखळी घेऊन उतरले आणि गोलाच्या कडेशी थबकले. माळ त्यांच्या गुडघ्यांसमोरून चालली होती.

"आत्या," ओगिनो साहेब हळूच म्हणाले, "किती वेळ?"

"मला काय विचारता? घंटा तिच्याकडे आहे." आत्याने त्यांच्यासाठी चटईवर जागा केली. "बसा. चहा घ्या. माळ फिरत असताना आत जाता येत नाही."

मोठा मणी फिरत फिरत कायोपाशी आला. सगळ्यांचे हात मंदावले. तिने तो कपाळाला लावला आणि मान वर केली. समोर टेम्पो होता, त्याच्यापलीकडे घाट, घाटाखाली किल्ला. मध्ये जिझो, आपल्या पायांवर उभा.

कायोने मणी पुढच्या मुलाच्या हातात दिला, दांडकं घट्ट धरलं आणि घंटेवर पुन्हा पहिला ठोका टाकला.